समूहदर्शक शब्द शिकवायचेत? पोरांना मंडईत न्या

समूहदर्शक शब्दांची यादी पाठ करून घेऊ नका. मी चौथीच्या पोरांना कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत नेते आणि एकच विचारते, हे एकत्र कशानं आलंय?

माणसानं बांधलंय? मेथीची पेंडी हातात द्या. देठ एकीकडं, पानं एकीकडं, मधे दोरा. पुस्तकात हिलाच जुडी म्हणतात. दोन्ही शब्द शिकवा. घरच्या बोलीला चूक म्हणू नका, पोरं गप्प होतात. मग दोरा सोडा, काड्या पसरा आणि विचारा, आता ही पेंडी आहे का? वाद घालू द्या, मधे बोलू नका. उसाची मात्र मोळी.

झाडालाच तसं लागलंय? केळीचा घड, त्यातली एक फणी. लसणाचा गड्डा, आत पाकळ्या.

जनावरांचा कळप, पाखरांचा थवा. तो रंकाळा तलावावर दाखवा. चपलांचा जोड सगळ्यांना येतोच.

पोरं अडखळतात ती वाक्यात. क्रियापद समूहाच्या शब्दाप्रमाणं चालतं: ‘मेंढ्या गेल्या’, पण ‘मेंढ्यांचा कळप गेला’. अशा वाक्यांच्या जोड्या रोज फळ्यावर लिहून तोंडी करून घ्या, पोरांना लिहायला नंतर लावा.