कर्ज देणाऱ्या संस्थेकडून तुमची माहिती फुटली, तर काय कराल?

कर्जाच्या अर्जाबरोबर आपण पॅन, आधार, जन्मतारीख, पगारपत्रके, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, फोटो आणि सही असे सगळे एकगठ्ठा देऊन टाकतो. म्हणून एखाद्या खरेदीच्या साइटवरून ईमेल पत्ता फुटणे वेगळे आणि कर्जाची फाइल फुटणे वेगळे. पासवर्ड बदलता येतो, कार्ड ब्लॉक करता येते; पॅन आणि जन्मतारीख मात्र तीच राहते. अशा कागदांवर दुसरा कुणी तुमच्या नावाने कर्ज उचलू शकतो. त्यामुळे संस्थेच्या ‘चौकशी सुरू आहे’ एवढ्या उत्तरावर स्वस्थ बसू नका.

माहिती फुटल्याचा निरोप आला, तर आधी तो खरा आहे का, ते बघा. ‘तुमचा डेटा लीक झाला आहे, इथे क्लिक करून खाते सुरक्षित करा’ असा मेसेज हीच अनेकदा फसवणूक असते. त्यातली लिंक उघडू नका, त्यातल्या नंबरवर फोनही करू नका. कर्जमंजुरीच्या पत्रावरचा ग्राहकसेवा क्रमांक घ्या किंवा साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. बँकांच्या साइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, वेगळे काही दिसले तर थांबा.

त्याच दिवशी लेखी विचारा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचे नाव आणि पत्ता साइटवर असतो. मजकूर एवढाच पुरे:

‘माझा कर्ज खाते क्रमांक अमुक. माझी नेमकी कोणती माहिती व कोणती कागदपत्रे बाहेर गेली, कोणत्या तारखेपासून, आणि त्यात सहकर्जदार व जामीनदाराची कागदपत्रे आहेत का, हे लेखी कळवावे. माझ्या खात्यावरील मोबाइल क्रमांक, पत्ता किंवा ईमेल माझी खात्री केल्याशिवाय बदलू नये. तक्रार क्रमांक द्यावा.’

जामीनदाराचा उल्लेख मुद्दाम केला आहे. भावाने किंवा सहकाऱ्याने जामीन राहण्यासाठी दिलेला पॅन त्याच फाइलमध्ये असतो आणि त्याला कुणीच काही कळवत नाही. तुम्ही स्वतः फोन करून सांगा.

मग दारे बंद करा. नेटबँकिंगचा आणि त्याहीआधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीचे बरेच पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. कर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो, त्या खात्यावरची ई-मँडेट आणि यूपीआय ऑटोपेची (खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या परवानग्यांची) यादी उघडून अनोळखी मँडेट रद्द करा. आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची नोंद) लॉक करा. गहाणखतासारख्या नोंदणीच्या कागदांवर अंगठ्याचे ठसे असतात; अशा ठशांची नक्कल करून आधारद्वारे पैसे काढल्याचे गुन्हे घडले आहेत. त्याच ॲपमध्ये आधार कुठे कुठे वापरला गेला, याची मागच्या सहा महिन्यांची नोंद दिसते. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डे आहेत, ते पाहा आणि अनोळखी असतील ती ‘माझे नाही’ म्हणून कळवा. फोनचे नेटवर्क कारण नसताना अचानक गेले, तर दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला विचारा: कुणी डुप्लिकेट सिम काढले असण्याची शक्यता असते.

क्रेडिट रिपोर्ट हेच खरे राखणदार. भारतात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या कर्जाची नोंद ठेवतात. प्रत्येकीने कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढू नका. आज एक, तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा, असे फिरते ठेवले की वर्षभर पैसे न देता नजर राहते. चोरलेली माहिती बऱ्याचदा काही महिने थांबून वापरली जाते, म्हणून एकदा रिपोर्ट स्वच्छ दिसला की विषय संपला असे समजू नका.

रिपोर्टमध्ये आधी ‘एन्क्वायरी’चा भाग वाचा. कुणी तुमच्या नावाने कर्ज मागितले, की ते आधी तिथे उमटते. कर्जखाते नंतर दिसते. पत्ता आणि मोबाइल क्रमांकाचे रकानेही तपासा. तुमचा नसलेला नंबर तिथे असेल, तर ती धोक्याची खूण आहे. खोटे कर्ज दिसल्यास रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर ‘डिस्प्यूट’ म्हणजे हरकत नोंदवा आणि ते कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘हप्ता भरून टाका, मग नाव काढू’ असे वसुलीवाला म्हणाला तरी एक रुपयाही भरू नका. भरणा म्हणजे कर्ज मान्य केल्याचा पुरावा ठरू शकतो.

पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेला, मग सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. दोष बँकेचा नाही, तुमचाही नाही, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भुर्दंड पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात आहे. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. माहिती फुटल्यानंतरचे फोन फसवे वाटतच नाहीत, कारण समोरच्याला तुमचा खाते क्रमांक, हप्त्याची रक्कम, अगदी शाखाही माहीत असते. एवढे माहीत आहे म्हणजे तो बँकेचाच माणूस, असे धरू नका.

संस्था दाद देत नसेल तर 30 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक 14448. मात्र पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकांकडे द्यावी लागते. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न जपल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. तुमच्या हातात काही पडत नाही, म्हणून निव्वळ त्या कायद्याच्या भरवशावर राहू नका.

आणि संस्थेने घराची मूळ कागदपत्रेच गहाळ केली असतील, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च तिचा. कर्ज पूर्ण फिटल्यावर 60 दिवस उलटूनही काम झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये मागता येतात. कर्ज फिटल्याची तारीख असलेले पत्र त्यासाठी जपून ठेवा.