ई-वन लाइनवरून १०० एमबीची फाइल किती वेळात जाईल? जुन्या सर्किटांच्या वेगाचे हिशोब

दूरसंचार क्षेत्रातील माणसे ई-वन सर्किटाला, म्हणजे अनेक टेलिफोन वाहिन्या एकत्र नेणाऱ्या डिजिटल लाइनला, बोलताना सर्रास ‘टू एमबी’ म्हणतात. संगणकावर काम करणारा मनुष्य ‘एमबी’ म्हणजे मेगाबाइट असे धरून चालतो आणि १०० एमबीची फाइल या लाइनवरून ५० सेकंदांत गेली पाहिजे, असे गणित मांडतो. प्रत्यक्षात तिला सात मिनिटांहून अधिक वेळ लागतो. लाइनमध्ये बिघाड नसतो; एकाचा ‘एमबी’ मेगाबिट असतो आणि दुसऱ्याचा मेगाबाइट; एका बाइटात ८ बिट असतात. त्यातही आणखी दोन-तीन खाचखळगे आहेत, म्हणून हिशोब पुढील क्रमाने करावा.

प्रथम सर्किटाचे नाव बाजूला ठेवून ते कशाचे बनले आहे ते पाहावे. टेलिफोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असतो. त्याचे सेकंदाला ८००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात; म्हणून एका वाहिनीला ८००० × ८ = ६४,००० बिट प्रति सेकंद, म्हणजे ६४ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) लागतात. हा एक आकडा लक्षात असला की बाकीचे बरेचसे स्वतः काढता येते. भारतात आणि युरोपात रूढ असलेल्या ई-वनच्या फ्रेममध्ये, म्हणजे एका फेरीत जाणाऱ्या बिटांच्या संचात, अशा एकेका वाहिनीपुरत्या ३२ जागा, म्हणजे टाइमस्लॉट, असतात, म्हणून ३२ × ६४ = २०४८ केबीपीएस. अमेरिकेत १९६२ मध्ये वापरात आलेल्या टी-वन या तशाच लाइनमध्ये २४ वाहिन्या असतात, पण २४ × ६४ केल्यास १५३६ येतात आणि कागदोपत्री वेग १५४४ केबीपीएस दिसतो. वरचे ८ केबीपीएस प्रत्येक फ्रेमला जोडलेल्या एका जादा बिटाचे असतात.

यानंतर ‘किलो’ म्हणजे किती, हे ठरवून घ्यावे. सर्किटांच्या वेगात किलो म्हणजे १०००, आणि मेगा म्हणजे दहा लाख. २०४८ हा आकडा २ × १०२४ असल्यामुळे येथेही संगणकाच्या स्मृतीचा १०२४ चा हिशोब असावा, असे अनेकांना वाटते. परंतु ३२ आणि ६४ या दोन्ही संख्या दोनाचे घात असल्यामुळे तो तसा दिसतो, एवढेच. ई-वनचा वेग २.०४८ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) आहे, नेमका २ नव्हे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच वगळली जाते: लाइनचा वेग आणि ग्राहकाच्या वाट्याला येणारा वेग वेगळे मांडावेत. ई-वनमधील शून्य क्रमांकाचा टाइमस्लॉट दोन्ही टोकांचा मेळ राखण्यात खर्च होतो, म्हणून डेटासाठी ३१ × ६४ = १९८४ केबीपीएस उरतात. तीच लाइन पीआरआय म्हणून, म्हणजे एकाच लाइनवर अनेक कॉल नेणारी जोडणी म्हणून, टेलिफोनसाठी घेतली असेल, तर सोळावा टाइमस्लॉट कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांकडे जातो आणि संभाषणासाठी ३० वाहिन्या, म्हणजे १९२० केबीपीएस राहतात. लाइनचा काही भागच भाड्याने घेतला असल्यास टाइमस्लॉट मोजून ६४ ने गुणावे. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग म्हणून ठरवलेले २५६ केबीपीएस या मापाने अवघे चार टाइमस्लॉट होतात. जुन्या टी-वनच्या काही वाहिन्यांत मात्र संकेतांसाठी अधूनमधून एक बिट काढून घेतला जातो. तेथे डेटासाठी ६४ ऐवजी ५६ केबीपीएस धरावेत.

आता बिटांचे बाइट करावेत. १९,८४,००० ला ८ ने भागले की सेकंदाला २,४८,००० बाइट येतात. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते; १५०० बाइटांच्या अशा नेहमीच्या तुकड्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, ४० बाइट आयपी आणि टीसीपी या इंटरनेटच्या नियमांनुसार जोडलेल्या मथळ्यांचे असतात आणि लाइनवरील फ्रेमची बांधणी आणखी थोडे खाते. अचूक आकड्याच्या मागे न लागता अंदाजासाठी ५ टक्के वजा करणे मला पुरेसे वाटते. तसे केल्यास २,३५,६०० बाइट उरतात. फाइलचा आकार मात्र विंडोज १०२४ च्या हिशोबाने दाखवते, त्यामुळे तेथील १०० एमबी म्हणजे १०,४८,५७,६०० बाइट. या संख्येला २,३५,६०० ने भागले की सुमारे ४४५ सेकंद, म्हणजे सात मिनिटे पंचवीस सेकंद येतात, आणि तेही लाइनवर दुसरे कोणी नसेल तर.

मोठ्या सर्किटांच्या बाबतीत नुसता गुणाकार करू नये. ई-थ्रीमध्ये १६ ई-वन मावतात. १६ × २.०४८ = ३२.७६८ एमबीपीएस होतात, पण ई-थ्रीचा वेग ३४.३६८ आहे. प्रत्येक ई-वनचे घड्याळ दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे किंवा मागे असू शकते आणि ही तफावत भरून काढण्यासाठी जादा बिट ठेवावे लागतात. एसटीएम-वन या त्याहून मोठ्या सर्किटाच्या १५५.५२ एमबीपीएसमध्ये ६३ ई-वन, म्हणजे १२९.०२४ एमबीपीएस बसतात. म्हणून १५५.५२ ला २.०४८ ने भागून ‘७५ लाइनी’ असे उत्तर काढणे चूक ठरते.

मोडेम (टेलिफोन लाइनवरून डेटा पाठवणारे उपकरण) आणि टेलेक्स (टंकलेले संदेश तारेने पाठवण्याची जुनी सेवा) यांच्याबाबत ‘बॉड’ हा शब्द भेटतो. बॉड म्हणजे सेकंदाला होणारे संकेतांचे बदल; एका बदलात अनेक बिट जाऊ शकतात. व्ही-३२ मोडेम २४०० बॉडवर प्रत्येक वेळी ४ बिट पाठवून ९६०० बीपीएस गाठतो. टेलेक्समध्ये बदल आणि बिट एकच असतात, परंतु तेथे ५ बिटांच्या अक्षराला आरंभाचा १ आणि शेवटाचा दीड एकक जोडला जातो. म्हणून ५० बॉडला साडेसातने भागावे, सेकंदाला ६.६७ अक्षरे येतात आणि मोकळ्या जागेसह सहा अक्षरांचा एक शब्द धरल्यास मिनिटाला सुमारे ६६ शब्द होतात.