बोरूची शाई फुटत होती, ती अशी थांबली

काजळीची शाई घरी केली, बोरू तासला आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत 'श्री'ला मिशा फुटल्या!

पहिला संशय बोरूवर. टोक पुन्हा तिरकं छाटलं, मधली चीर आखूड ठेवली. शाई जरा कमी उतरू लागली, पण फुटणं तसंच. मग शाईकडे वळलो. काजळी पाण्यात विरघळत नाही, तिला धरून ठेवतो तो डिंक. म्हणून बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळला आणि तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी आधी त्या दाट डिंकातच खलात घोटली. खरखर थांबून चकचकीत लेप होईपर्यंत हात सोडायचा नाही. कंटाळवाणं काम आहे खरं, पण घाई केली की कण दौतीच्या तळाशी बसतात. पाणी त्यानंतर, थेंबाथेंबाने. वाळलेलं अक्षर बोटाला लागलं तर डिंक कमी, पापुद्रा सुटला तर जास्त.

उरला कागद. माझा हातकागद देखणा, पण शाई पिणारा. जुने कारागीर कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. मी तांदळाच्या पातळ पेजेचा हात दिला, सावलीत वाळवून वाटीच्या बुडाने घोटला. रेघेचे काठ स्वच्छ आले.

आता दौतीत सुती चिंधीचा बोळा असतो, म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नाही. बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब. पाकिटावरचा पत्ता मात्र बॉलपेननेच. ही शाई पावसात धुऊन जाते.