अनमोड चढून आंबोली उतरताना : दोन दिवसांच्या घाटफेरीची तयारी

गोव्यातल्या फोंड्याहून निघून अनमोड घाट चढायचा, रामनगर, लोंढा, खानापूर करत बेळगावात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, डिचोली या वाटेने परतायचे, अशी ही मोटारसायकलवरची सुमारे ३०० किलोमीटरची फेरी आहे. पहाटे निघून रात्री घरी येणे अशक्य नाही आणि तसे करणारे पुष्कळ आहेत, परंतु मग दोन घाटांपैकी एक काळोखात किंवा थकल्या अंगाने पार करावा लागतो. म्हणून तयारीच्या यादीत सर्वांत वर वेळ लिहावी. आंबोलीचा उतार दुपारी तीनच्या आत संपला पाहिजे हे आधी ठरवावे आणि बाकीचे वेळापत्रक तिथून मागे मोजत आणावे. तीनला घाटाखाली दाणोली गाठायची, तर एकच्या सुमारास आंबोलीत जेवण उरकले पाहिजे, आणि त्यासाठी बेळगाव सकाळी नऊच्या आत सोडले पाहिजे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही बेळगावात कुंदा घेण्यात आणि ओळखीच्यांकडे बसण्यात दुपार घालवली. आंबोलीत पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले आणि धुके इतके दाट उतरले होते की रस्त्याची कडा दिसेना. एका मालट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून खाली येताना मागे बसलेल्या भावाने एक शब्द उच्चारला नाही, आणि तो का गप्प आहे हे मला कळत होते. तेव्हापासून ही वेळ मी कागदावर लिहूनच निघतो.

महिना निवडताना पावसाचा मान ठेवावा. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते ऑगस्ट या काळात दोन्ही घाटांत दरडी येतात, साईडपट्ट्या वाहून जातात आणि सावलीतल्या वळणांवर डांबरावर शेवाळाचा थर धरतो. चवथीनंतर पाऊस ओसरू लागतो आणि धबधबे तोवर आटलेले नसतात, त्यामुळे अनेकांना तेच दिवस मोहात पाडतात. पण परतीच्या पावसाच्या सरी दुपारनंतर गडगडाटासह येतात, आणि त्या नेमक्या उतरण्याच्या वेळेला गाठतात. मला विचाराल तर दिवाळीनंतरचा पंधरवडा सर्वांत चांगला, कारण रान अजून हिरवे असते आणि रस्ता कोरडा झालेला असतो. रविवारी आंबोलीत मोटारींची गर्दी असते, तेव्हा मधल्या वाराची रजा मिळाली तर घ्यावी.

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी न करता आठवडाभर आधी करावी, म्हणजे बदललेल्या भागांवर शंभरेक किलोमीटर चालवून पाहता येते. सर्वाधिक लक्ष ब्रेककडे द्यावे. ब्रेक पॅड किंवा लायनर किती उरले आहेत हे मेकॅनिक पाहतोच, पण डिस्क ब्रेकच्या टाकीतील द्रव किती जुना आहे हे आपण होऊन विचारावे लागते. तो द्रव हवेतला ओलावा शोषतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे व्हायला वेळ लागत नाही. ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांबलचक उतारावर सतत ब्रेक धरल्याने तो तापला की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि दांडा दाबल्यावर स्पंजासारखा लागतो, गाडी मात्र थांबत नाही. दोन वर्षांत तो बदललेला नसेल तर बदलूनच निघावे. उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, वेग इंजिनाने आवरावा, ब्रेक वळणाआधी थोडा वेळ दाबून सोडावा, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय असेल तर ती घरीच ठेवावी.

टायरच्या खाचांत झिजेची खूण असते. रबर तिथपर्यंत आले असेल तर टायर बदलावा. हवा टायर थंड असताना मोजावी आणि मागे कोणी बसणार असेल तर पुस्तिकेत दिलेला जास्तीचा आकडा पाळावा. चेनची ढिलाई बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर लागते, तरी आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा आणि बेळगावच्या मुक्कामी चेन पुसून तिला पुन्हा तेल द्यावे. क्लचची वायर टोकाशी उसवत असेल तर नवी घालून जुनी सीटखाली ठेवावी. हेडलाईटचा खालचा झोत नीट लागतो की नाही हे रात्री भिंतीवर पाडून पाहावे, कारण धुक्यात वरचा झोत समोरच्या पांढऱ्या पडद्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

हत्यारांत गाडीसोबत आलेला संच, पंक्चरचे साहित्य, हवा भरण्याचा छोटा पंप, एक जादा प्लग, फ्यूज, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि टॉर्च एवढे पुरे. तारांच्या चाकांच्या गाडीला मात्र ट्यूब लागते, तेव्हा ती बरोबर असावी. जड सामान शक्य तितके खाली आणि मध्याजवळ बांधावे. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेली बॅग नागमोडी वळणांवर पुढचे चाक हलके करते. रेनकोट हंगाम कोणताही असो, वरच्या कप्प्यात ठेवावा.

हेल्मेट चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही, आयएसआय खुणेचे आणि हनुवटीखाली बांधलेले असावे. जाकीट, बोटे झाकणारे हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट यांत तडजोड करू नये. गोव्यातल्या उकाड्यात ते नकोसे वाटतात हे खरे, पण पहाटे मोलेच्या रानात आणि दुसऱ्या सकाळी चंदगडच्या पठारावर त्यांचे मोल कळते.

ही वाट तीन राज्यांतून जाते. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, परंतु घाटात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून छापील प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. सीमेवरच्या नाक्यांवर अबकारी तपासणी होते. परवान्याशिवाय गोव्याची दारू नेऊ नये आणि सोबत्यांच्या बॅगा त्याबाबत आधीच विचारून घ्याव्यात. रेंज नसण्याच्या कारणानेच नकाशाही फोनमध्ये आधी उतरवून ठेवावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक तिन्ही राज्यांत चालतात.

फोंड्यात टाकी भरून निघावे. गोव्यातले पेट्रोल शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त असते. न्याहरी भाजी-पाव आणि चहावर आटोपली की पोट जड होत नाही. फोंडा ते मोले हे सुमारे ३० किलोमीटर सोपे असले तरी उसगाव-धारबांदोडा पट्ट्यात खनिजाचे ट्रक चालू असतील तर रस्त्यावर तांबडी माती सांडलेली असते आणि दवाने ती निसरडी होते. बेळगावची भाजी गोव्यात आणणारी वाहने पहाटे अनमोड उतरत असतात, तेव्हा सात-साडेसातनंतर चढायला लागणे बरे. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असा नियम आहे, पण ओझ्याने भरलेल्या ट्रकला तो पाळता येईलच असे गृहीत धरून वळणाच्या मध्यावर जाऊ नये. भगवान महावीर अभयारण्यातून जाताना थांबायचेच झाले तर रुंद जागी थांबावे, माकडांना खाऊ घालू नये, आणि गवा दिसला तर इंजिन चालू ठेवून लांबच उभे राहावे. एक गवा रस्ता ओलांडून गेला म्हणजे कळप संपला असे नसते.

दूधसागर या फेरीत बसवू नये. धबधब्यापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही, कुळ्याहून जीपने जावे लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो. त्याऐवजी मोलेहून आत वळून तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर पाहावे. काळ्या पाषाणातले ते लहानसे देऊळ, मागचा डोंगर आणि शेजारून वाहणारी नदी पाहायला तासभर पुरतो, आणि चढाच्या आधी अंगही मोकळे होते.

दुसऱ्या दिवसाचा निर्णय बेळगावात सकाळी घ्यावा. आंबोलीकडून पावसाची किंवा रस्ता अडल्याची बातमी आली तर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत केरी-साखळीला उतरण्याचा पर्याय तयार असावा. मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच आहे, त्यामुळे तो मार्ग धरल्याचे वाईट वाटत नाही. त्या बाजूला जायचे तर टाकी बेळगावातच भरावी, वाटेतल्या पंपाच्या भरवशावर राहू नये.

चारांहून अधिक गाड्या एकत्र नेऊ नयेत. सर्वांत नवखा दुसऱ्या क्रमांकावर आणि सर्वांत अनुभवी शेवटी असावा. प्रत्येकाने आरशात मागच्याचा दिवा दिसेल एवढाच वेग ठेवावा आणि प्रत्येक फाट्यावर मागचा येईपर्यंत थांबावे. मागे बसणाऱ्याला वळणावर चालकाबरोबर झुकायचे, उलट्या बाजूला नाही, हे निघण्याआधी मोकळ्या रस्त्यावर करून दाखवावे. शेवटी एका कागदावर वाटेतल्या गावांची नावे, तिथे पोहोचण्याच्या वेळा, मुक्कामाचा पत्ता आणि प्रत्येकाचा रक्तगट लिहून एक प्रत घरी आईच्या हाती द्यावी, आणि लोंढा, बेळगाव, सावंतवाडी व दोडामार्ग या चार ठिकाणांहून फोन येईल असे तिला सांगून ठेवावे.