गोल पटाशीची धार आणि तिला लागणारे दगड

सुताराच्या सरळ पटाशीला एक सपाट दगड पुरतो. कोरीवकामाच्या गोल पटाशीला मात्र तो अर्ध्या वाटेवर सोडतो, कारण तिची धार बाहेरचा उतार आणि आतली खोलगट बाजू मिळून तयार होते आणि त्या खोलगटापर्यंत सपाट दगड पोहोचतच नाही. म्हणून सपाट दगडाबरोबर गोल कडेचा एक लहान दगडही घ्यावा. त्याची गोलाई पटाशीच्या आतल्या गोलाईपेक्षा किंचित लहान असावी. मोठी असल्यास तो दोन्ही कोपरे खातो आणि मधला भाग तसाच राहतो.

हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा कार्बोरंडमचा दगड खाच पडलेली धार सुधारण्यापुरताच ठीक आहे. रोजच्या कामासाठी 1000 नंबरचा (नंबर जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक) आणि शक्य असल्यास 4000 ते 6000 नंबरचा दगड असावा. पाण्याचा दगड, म्हणजे पाणी लावून वापरायचा दगड, झपाट्याने कापतो, पण तो मऊ असल्याने गोल पटाशीने त्यात चर पडतात; नवशिक्याने सपाटच राहणारी हिऱ्याची पट्टी (हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी) घ्यावी, असे माझे मत आहे. पाण्याच्या दगडावर तेल मात्र कधीही टाकू नये.

प्रथम बाहेरचा उतार काळ्या मार्करने रंगवावा. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडासाठी सुमारे 20 अंशांचा, तर सागवान किंवा शिसवीसाठी 25 अंशांच्या आसपासचा उतार ठेवावा. पटाशी दगडाच्या लांबीला आडवी धरून, ती डावीकडून उजवीकडे नेताना मनगटाने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवावी. जास्त फिरवल्यास कोपरे गोल होतात. शाई फक्त मागच्या, म्हणजे धारेपासून लांबच्या बाजूची पुसली गेली, तर मूठ थोडी वर उचलावी. आतल्या बाजूने, धारेकडून बाहेरच्या दिशेने अंगठा हलकेच सरकवल्यावर धातूची बारीक खरखर सर्वत्र जाणवली की बाहेरचे काम झाले. मग गोल कडेच्या दगडाने ती आतून काढावी.

शेवटी हिरवे पॉलिश लावलेल्या चामड्यावर पटाशी फक्त मागे ओढावी. पुढे ढकलली तर ती चामडेच कापते. विजेच्या ग्राइंडरची घाई नको: पाते निळे पडले, तर तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलेले असते.

धारेची परीक्षा मऊ लाकडावर रेषांना आडवा काप घेऊन करावी. काप चकचकीत न येता त्यात पांढरी रेघ उमटली, तर धारेत बारीक खाच राहिली आहे असे समजून पुन्हा 1000 नंबरच्या दगडाकडे वळावे.