नागपुरात कूलर खाली उतरले की गाडीकडेही बघावे

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचे वेळापत्रक किलोमीटर आणि महिने अशा दोन मापांत दिलेले असते आणि यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरावे, अशी सूचना असते. नागपूरच्या गाडीमालकाने त्यात तिसरे माप स्वतःहून धरावे, असे माझे मत आहे, आणि ते माप म्हणजे ऊन. या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश सेल्सिअस तापमान अनुभवले आहे आणि एरवीही मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेल्याचे इथे कोणाला नवल वाटत नाही. होळीच्या आसपास घरोघरी गच्चीवरून कूलर खाली उतरतात, टाकी घासली जाते, नवा वाळा भरला जातो. त्याच आठवड्यात गाडीचीही तपासणी उरकून घेतली, तर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी वर्धा मार्गाच्या कडेला बंद गाडीशेजारी उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही.

सुरुवात टायरपासून करावी, कारण उन्हाळ्यातील सर्वांत घातक गैरसमज टायरविषयीच आहे. उन्हाने हवा फुगते, म्हणून टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवावी, असे पंक्चरच्या दुकानापासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत अनेक जण सांगतात. हवा फुगते, हे खरेच आहे. पहाटे 25 अंश तापमानात 32 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरलेल्या टायरमधील हवा दुपारी 45 अंशांवर पोहोचली, की दाब साधारण 3 पीएसआयने वाढतो. परंतु ही वाढ कंपनीने आधीच हिशेबात धरलेली असते. पुस्तिकेतला आकडा थंड टायरचाच असतो. हवा कमी ठेवली, तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्या वाकण्याने आतल्या आत उष्णता निर्माण होते, रबराचे आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि शेवटी टायर फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून केलेला उपायच तो फोडण्यास कारण होतो.

दाबाचा योग्य आकडा मोटारीच्या चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. मोटारसायकलीत तो बहुधा चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर आढळतो, आणि मागे दुसरा माणूस बसणार असेल, तर मागच्या चाकासाठी वेगळा, मोठा आकडा दिलेला असतो. हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नये; रात्री टायर थंड झाला की तोच दाब गरजेपेक्षा खाली गेलेला असतो. स्टेपनीकडे वर्षभर कोणी पाहत नाही आणि ती नेमकी गरजेच्या वेळी बसलेली निघते, म्हणून तिच्यातही याच वेळी हवा भरून ठेवावी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि दर पंधरा दिवसांनी दाब तपासण्याचे काम त्याने टळत नाही.

टायरचे वयही वाचता येते. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार अंक असतात; 2321 असे असेल, तर तो टायर 2021 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ. नागपुरात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर पाच वर्षांचा झाला, की खाचा शिल्लक असल्या तरी भिंतीवर बारीक चिरा पडल्या आहेत का, हे बोट फिरवून पाहावे. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, की टायर बदलावाच लागतो. समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनी हे सर्व अधिक काटेकोरपणे करावे. शहरात ताशी 40 च्या वेगाने जो टायर वर्षभर तक्रार न करता चालतो, तोच त्या रस्त्यावर भर दुपारी, सामानाने भरलेल्या गाडीत, तासन्‌तास 120 च्या मर्यादेला टेकून चालवला, तर त्याचे दोष उघडे पडतात. दुचाकींना त्या मार्गावर प्रवेशच नाही, त्यामुळे ही सूचना मोटारींपुरती.

दुसरा क्रमांक बॅटरीचा. थंडीत सकाळी गाडी सुरू झाली नाही, की आपण थंडीला दोष देतो. प्रत्यक्षात बॅटरीची झीज आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. उष्णतेने आतील पाणी उडते आणि शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि तो घरात असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा यावा; 12.4 च्या खाली असेल, तर ती पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावे. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण 13.8 ते 14.5 यांच्या दरम्यान असावा. तो वाढतच नसेल, तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे, आणि नवी बॅटरी घेतली तरी ती आठवडाभरात उतरेल. माझ्या एका जुन्या स्कूटरला मी हे न तपासता लागोपाठ दोन बॅटऱ्या बसवल्या. खरा दोषी रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीला चार्जिंगचा प्रवाह पुरवणारा भाग, होता. ज्या बॅटरीला झाकणे असतात, तिच्यात पातळी खाली गेल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे किंवा नळाचे पाणी घालू नये, आणि ॲसिड तर मुळीच नाही. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर खाण्याचा सोडा कालवलेल्या कोमट पाण्याने ती धुवावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. उलट केले आणि पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला, तर ठिणगी उडते. अलीकडच्या बऱ्याच दुचाकींना किक नसते, म्हणून ही तपासणी आता मोटारीइतकीच दुचाकीलाही आवश्यक झाली आहे.

मोटारीच्या बाबतीत कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, होणारे दुर्लक्ष सर्वांत महाग पडते. 'पाणीच तर आहे' असे म्हणून रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतण्याची सवय जुन्या गाड्यांच्या काळापासून चालत आली आहे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या जाळीवर एका हंगामात किती पांढरा थर बसतो, हे प्रत्येक नागपूरकराने पाहिलेले असते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला, तर काय होईल, याची कल्पना करावी. कूलंटमधील ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातील इतर द्रव्ये गंज रोखतात. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे कूलंट, तयार मिश्रणाचे नसल्यास डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून, प्लास्टिकच्या टाकीवरील दोन खुणांच्या मध्ये राहील इतकेच भरावे. पातळी दर महिन्याला खाली जात असेल, तर भरत राहण्यात अर्थ नाही, गळती शोधावी. रेडिएटरच्या बाहेरील बारीक पाती धुळीने आणि चिलटांनी बुजतात, त्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवाव्यात. वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवारा जवळून मारला, तर पाती वाकतात आणि हवा जाणे बंद होते.

तरीही वाटेत तापमानाचा काटा वर चढलाच, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण वेगाने सुरू करावा आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. मे महिन्यात हीटर लावायचा, हे ऐकायला विचित्र वाटते, पण हीटर इंजिनची उष्णता बाहेर काढतो, म्हणून ते दोन मिनिटांचे हाल सोसावेत. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण गार होईपर्यंत कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलीला कूलंट नसते, तिची सारी भिस्त वाहत्या वाऱ्यावर आणि ऑईलवर असते. त्यामुळे इंजिनच्या पात्यांमधला चिखल खरवडून काढावा आणि लांब सिग्नलला इंजिन बंद करावे. ऑईल निवडताना दुकानदार देईल ते घेण्याऐवजी डब्यावरील अक्षरे वाचावीत. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. त्यांना जासो या जपानी मानकातील एमए किंवा एमए2 प्रतीचे ऑईल लागते. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी एमबी प्रत चालते. मोटारीचे घर्षण कमी करणारे ऑईल मोटारसायकलीत घातले, तर क्लच घसरू लागतो, इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, आणि मेकॅनिक क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला देतो. दाटपणाचा आकडाही पुस्तिकेतलाच धरावा. 'आपल्याकडे गरमी फार' म्हणून मनाने जाड ऑईल घालू नये. पातळी पाहताना गाडी सपाट जागी, मोटारसायकल असल्यास मधल्या स्टँडवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावी.

चेनचे काम सोपे आहे आणि म्हणूनच ते मागे पडते. उन्हाळ्यातील बारीक धूळ चेनच्या चिकट ऑईलवर बसली, की ती पॉलिश पेपरसारखे काम करते. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, केरोसिन किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चेन धुवावी, फडक्याने पुसावी आणि आतल्या बाजूने गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे लावावा. काही जण इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून हे करतात. त्यात बोट गेल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या मेकॅनिकला विचारावीत. साध्या मोटारसायकलीत चेन मधोमध वरखाली साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलावी. ताणून घट्ट केलेली चेन सैल चेनपेक्षा अधिक नुकसान करते.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो की, टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल. तेल कंपन्यांनी याचा खुलासा अनेकदा केला आहे: गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरणे उन्हाळ्यातही सुरक्षित असते. मात्र नोझल आपोआप बंद झाल्यावर 'राउंड फिगर' करण्यासाठी वरून आणखी पेट्रोल भरून घेऊ नये, कारण टाकीच्या तोंडाशी सोडलेली रिकामी जागा पेट्रोलच्या प्रसरणासाठीच असते. खरा धोका बंद मोटारीत ठेवलेल्या लायटर, डिओडरंटचा डबा आणि पॉवर बँक यांचा आहे. त्या वस्तू उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. लहान मूल किंवा पाळीव प्राणी 'दोनच मिनिटे' म्हणूनही बंद गाडीत सोडू नये. गाडीत बसल्याबरोबर एसी पूर्ण लावण्यापेक्षा आधी चारही काचा खाली करून थोडे अंतर जावे. तापलेली हवा बाहेर गेली की एसीचे काम निम्मे होते.

हे सारे करून जून उजाडला, की विम्याची कागदपत्रे एकदा काढून वाचावीत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळघरात उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. अशी हानी साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बहुधा नाकारली जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये, बॅटरीचे ऋण टोक सोडावे, छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.