ब्रिटनच्या पगारपत्रकावरचा टॅक्स कोड

ब्रिटनमध्ये नोकरीला लागलात की पगारपत्रकावर आधी टॅक्स कोड बघा, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा कोड. बहुतेकांचा १२५७एल असतो: आकड्यापुढे शून्य लावा, म्हणजे वर्षाला साधारण १२,५७० पौंड करमुक्त. एकच नोकरी असून बीआर दिसला तर सावध व्हा. तिथे पहिल्या पौंडापासून २० टक्के कापतात. शेवटी एम१ किंवा डब्ल्यू१ असेल तर तो तात्पुरता कोड. नव्या नोकरीत जुना पी४५ (आधीची नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा कागद) दिला नसला की तो अनेकदा लागतो.

पेन्शनरांचा गोंधळ वेगळाच. सरकारी स्टेट पेन्शन हातात येताना कर कापला जात नाही, पण ती करपात्र असते. म्हणून तिची रक्कम करमुक्त मर्यादेतून वजा करून उरलेला आकडा खासगी पेन्शनच्या कोडमध्ये घालतात. समजा, स्टेट पेन्शन वर्षाला १०,००० पौंड. उरले २,५७०, कोड २५७एल. आकडा एवढासा दिसला म्हणून लगेच घाबरू नका, आधी ही वजाबाकी करून पाहा.

तरीही जुळत नसेल तर एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर खात्याच्या) ॲपवर किंवा ऑनलाइन खात्यात उत्पन्नाची माहिती दुरुस्त करा. कोड तेच ठरवतात, त्यामुळे ऑफिसातल्या पगारवाल्याशी वाद घालून उपयोग नाही. ५ एप्रिलच्या आत, म्हणजे करवर्ष संपण्याआधी, दुरुस्ती झाली तर जादा कापलेला कर बहुधा पुढच्या पगारातच परत येतो.